सीमेवरची जमवाजमव आणि दिल्लीतला जाब

सीमेवर तणाव वाढला की बातमीत एक ओळ येते : ‘सैन्याची हालचाल सुरू.’ हा हुकूम कोण सोडतो, तो अमलात यायला किती दिवस लागतात, खर्च कोण तपासतो, सैन्य परत कधी आणायचे हे कोण ठरवतो, असे प्रश्न मुंबईच्या वाचकांनी पाठवले. त्यातले निवडक या वेळच्या सदरात घेतले आहेत. उत्तरे सैनिकी रसद आणि संसदीय कामकाज या दोन विषयांच्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : युद्ध पुकारण्यासाठी किंवा सीमेवर मोठे सैन्य नेण्यासाठी सरकारला संसदेची आधी मंजुरी घ्यावी लागते का? आमच्या वाचनालयात यावरून बराच वाद झाला. (एक वाचक, दादर)

उत्तर : नाही, लागत नाही. राज्यघटनेच्या कलम ५३ प्रमाणे सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असते आणि राष्ट्रपती कलम ७४ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. व्यवहारात हा निर्णय मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती घेते. पंतप्रधान, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि अर्थमंत्री असे पाच जण तिच्यात असतात. १९९९ चे कारगिल, २००१ चे ‘ऑपरेशन पराक्रम’, २०२० ची लडाखमधली तैनाती, २०२५ चे ‘ऑपरेशन सिंदूर’ यांपैकी एकाही वेळी संसदेत आधी मतदान झालेले नाही.

तुमच्या वादात बहुधा कलम ३५२ आले असेल. ते आणीबाणीचे कलम आहे. युद्ध सुरू झाले म्हणजे आणीबाणी आपोआप लागू होत नाही आणि आणीबाणी लावल्याशिवाय सैन्य हलवता येत नाही असेही नाही. १९६२ आणि १९७१ मध्ये ती लावली गेली, कारगिलच्या वेळी नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाची लेखी शिफारस, महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी, अशा अटी आल्या. या अटी आणीबाणीला आहेत, सैन्य हलवण्याला नाहीत.

मग संसदेकडे उरते काय? कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, आणि लोकसभेने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही. शिवाय प्रश्नोत्तरे, समित्या आणि महालेखापालांची (‘कॅग’) तपासणी आहे. थोडक्यात, आपल्याकडे आधीची परवानगी नाही, नंतरचा जाब आहे. पण जाब मागायला सभागृह भरलेले असावे लागते. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि लोकसभा विसर्जित झाली. पुढच्याच महिन्यात कारगिलची लढाई सुरू झाली तेव्हा काळजीवाहू सरकार होते. राज्यसभेचे खास अधिवेशन बोलवा ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही आणि सर्वपक्षीय बैठकांवर भागवले गेले. सर्वपक्षीय बैठकीची कार्यवाही छापली जात नाही, तिथे दिलेले उत्तर पुढे कोणाला दाखवता येत नाही. म्हणून ती संसदेची जागा घेऊ शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : हुकूम सुटल्यानंतर सैन्य जागेवर उभे राहायला आठवडे का लागतात? आता रस्ते चांगले, रेल्वे आहे, विमाने आहेत. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : ‘पराक्रम’चेच उदाहरण घेऊ. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि त्याच आठवड्यात जमवाजमवीचे आदेश निघाले. सीमेलगत कायम असणारी बचावाची दले काही दिवसांत मोर्चे धरून बसली. पण घाव घालणारी तीन कोअर, म्हणजे चढाईसाठीची मोठी दले, मथुरा, अंबाला आणि भोपाळ इथे होती. त्यांना सीमेवर यायला जवळपास तीन आठवडे लागले. तोवर पाकिस्ताननेही आपले सैन्य पुढे आणले, आंतरराष्ट्रीय दबाव वाढला, १२ जानेवारी २००२ ला मुशर्रफ यांचे भाषण झाले आणि जी संधी धरून हुकूम सोडला होता ती निघून गेली. पुढे २००४ मध्ये लष्कराने छोट्या, सीमेजवळच्या आणि लगेच निघू शकणाऱ्या दलांचा विचार मांडला, तो यातूनच.

वेळ खाते कोण, हे एका रेजिमेंटवरून पाहा. एका चिलखती रेजिमेंटकडे साधारण ४५ रणगाडे असतात. टी-७२ चे वजन ४१ टनांच्या पुढे, म्हणजे नुसते रणगाडेच १,८०० टनांवर गेले. हे रणगाडे रस्त्याने शेकडो किलोमीटर पळवत नाहीत, कारण चाकांवरचे पट्टे आणि इंजिन वाटेतच झिजतात आणि लढाईच्या वेळी नेमका रणगाडा दुरुस्तीला उभा राहतो. म्हणून ते सपाट वॅगनवर चढवून न्यायचे. त्यासाठी रॅम्प असलेली साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूचा रूळ, लागते आणि अशा साइडिंग मोजक्याच असतात. रणगाडा चढवताना वर विजेची तार असेल तर आधी तिथला प्रवाह बंद करून घ्यावा लागतो. मध्य किंवा पश्चिम रेल्वेने रोज जाणाऱ्याला २५ हजार व्होल्टची ती तार ठाऊक आहेच. मग रणगाडा इंचाइंचाने वॅगनच्या मधोमध आणायचा, तोफ ठरलेल्या दिशेला वळवून जखडायची, पट्ट्यांखाली लाकडी ठोकळे ठोकायचे, साखळ्यांनी चारी बाजू ताणायच्या. एक साखळी सैल राहिली तरी वळणावर भार सरकतो. रणगाडा वॅगनपेक्षा रुंद असतो, त्यामुळे गाडीला वेगाची मर्यादा येते आणि वाटेतल्या फलाटांचा, पुलांचा, शेजारच्या रुळांचा हिशेब करून मार्ग ठरवावा लागतो.

मग मागून इंधन, दारूगोळा, दुरुस्तीच्या गाड्या, पूल बांधणारे अभियंते, फिरती रुग्णालये. टी-७२ मध्ये सुमारे १,२०० लिटर डिझेल मावते. ४५ रणगाडे एकदा भरायचे म्हणजे ५४ हजार लिटर झाले, आणि एवढ्यात ते चांगल्या रस्त्यावर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास जातात, वाळूत त्याहून बरेच कमी. क्रम चुकला, म्हणजे रणगाडे आधी पोचले आणि टँकर मागे राहिले, तर पोचलेली रेजिमेंट नुसती उभी राहते. लष्करी गाड्यांसाठी रेल्वे आणि सैन्य यांच्यात वेगळी यंत्रणा असते. स्थानकावर ‘एमसीओ’ची पाटी दिसते, ते तिचेच कार्यालय.

राजकीय देखरेखीच्या दृष्टीने हे तीन आठवडे फार मोलाचे आहेत. हुकूम सुटला, पण लढाई सुरू झालेली नाही. उद्दिष्ट काय, किती दिवस थांबायचे, काय झाले तर परतायचे, हे विचारायची खरी वेळ हीच. १९७१ मध्ये उलट क्रमाने काम झाले. लष्करप्रमुख माणेकशा यांनी एप्रिलमध्येच मंत्रिमंडळाला अडचणी सांगितल्या : पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या पसरतात, उन्हाळ्यात हिमालयातल्या खिंडी उघड्या असल्याने उत्तरेकडचे सैन्य काढता येत नाही, सुगीच्या हंगामात रेल्वे धान्य वाहण्यात गुंतलेली असते. सरकारने ऐकले. डिसेंबरमध्ये लढाई झाली आणि तेरा दिवसांत संपली. सेनापतीला राजकीय नेतृत्वासमोर ‘अजून तयारी नाही’ असे म्हणता येणे, हासुद्धा देखरेखीचाच भाग आहे.

प्रश्न : लडाखला तर विमानाने जवान दोन तासांत पोचतात. मग तिथे एवढा वेळ कसला? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : जवान पोचतो, पण लढण्याजोगा होत नाही. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. थेट विमानातून उतरून पाठीवर ओझे घेऊन चढाई केली, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी भरते आणि धडधाकट तरुणही एका रात्रीत जातो. म्हणून लष्कराचा क्रम ठरलेला आहे. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस : पहिले दोन दिवस विश्रांती, फार तर छावणीतच थोडे चालणे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर दीड ते तीन किलोमीटर संथ चाल. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चाल आणि ३०० मीटरपर्यंत चढ. मग १२,००० ते १५,००० फुटांच्या टप्प्यावर चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार. एकूण चौदा. जवान दहा दिवसांहून जास्त खाली राहून परतला, तर पुन्हा सवय करून घ्यावी लागते. हे दिवस हुकूम देऊन कमी होत नाहीत. दिल्लीतून ‘दोन दिवसांत वर चढवा’ असा दबाव आला, तर शत्रूने गोळी न झाडताही माणसे जातात.

दुसरा भाग सामानाचा. पूर्व लडाखमध्ये हिवाळ्याचा साठा उन्हाळ्यातच भरून ठेवावा लागतो, कारण झोजी ला खिंड आणि मनालीकडचा रस्ता बर्फाने बंद होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्याने रोहतांग टळला, पण पुढच्या उंच खिंडी आहेतच. रॉकेल, पीठ, डाळी, दारूगोळा, बर्फातले तंबू, स्टोव्ह, बूट, चष्मे असे सगळे यात येते. जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत २० जवान मारले गेले, त्यानंतर हजारो जवान वाढवले आणि एवढ्यांचा हिवाळी साठा काही महिन्यांत उभा करावा लागला.

आता एक तारीख लक्षात ठेवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे गलवानच्या चार महिने आधी, महालेखापालांचा अहवाल संसदेत मांडला गेला होता. २०१५-१६ ते २०१७-१८ या काळात उंचावरच्या जवानांसाठी बर्फातल्या चष्म्यांचा तुटवडा काही वेळा ९८ टक्क्यांपर्यंत गेला होता. खास शिध्याऐवजी बदली पदार्थ दिल्यामुळे काही बाबतींत उष्मांक ८२ टक्क्यांपर्यंत कमी पडले. खरेदीत चार-चार वर्षांचा विलंब होता. इशारा वेळेवर आला होता, छापलेला होता, सर्वांना खुला होता. तरीही त्या वर्षी गरम कपडे घाईने परदेशातून आणावे लागले. यंत्रणा नसल्यामुळे हे झाले नाही. अहवाल वाचून त्यावर सभागृहात पाठपुरावा करणारे खासदार पुरेसे नव्हते, म्हणून झाले.

प्रश्न : जमवाजमवीचा खर्च अर्थसंकल्पात कुठे दिसतो? तपासतो कोण? (एक सनदी लेखापाल, विलेपार्ले)

उत्तर : संरक्षण मंत्रालयाच्या चार मागण्या, म्हणजे लोकसभेकडे मंजुरीसाठी ठेवलेले खर्चाचे चार भाग, असतात : नागरी, महसुली, भांडवली आणि निवृत्तिवेतन. २०२५-२६ मध्ये एकूण तरतूद ६.८१ लाख कोटी रुपये होती. तिच्यात महसुली ३.११ लाख कोटी, भांडवली १.८० लाख कोटी आणि निवृत्तिवेतन १.६० लाख कोटी. जमवाजमवीचा खर्च मुख्यतः महसुली बाजूला पडतो : इंधन, वाहतूक, शिधा, दारूगोळा, दुरुस्ती. ‘अमुक मोहिमेचा खर्च’ असे वेगळे शीर्षक तुम्हाला सापडणार नाही. तुमच्यासारख्याने सुधारित अंदाज आणि मूळ अंदाज शेजारी ठेवून ‘वाहतूक’ आणि ‘साठा’ या शीर्षकांतली उडी पाहावी. तिथे खरी गोष्ट कळते.

वर्षाच्या मध्ये पैसा कमी पडला, तर कलम ११५ खाली पुरवणी मागण्या येतात. अधिवेशन नसेल तर आकस्मिकता निधी आहे. तो २०२१ मध्ये ५०० कोटींवरून ३० हजार कोटींवर नेला. यातून काढलेल्या रकमेला नंतर संसदेची मंजुरी लागतेच, पण पैसा तोवर खर्च झालेला असतो.

तपासणीचे टप्पे दोन. संरक्षणविषयक स्थायी समिती १९९३ पासून आहे. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य, मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. ती मागण्या तपासते, सेनाधिकाऱ्यांची साक्ष घेते. दैनंदिन कारभारात तिला शिरता येत नाही आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तरीही २०१८ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी तिच्यापुढे सांगितले की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक आहे. हे आकडे पत्रकार परिषदेत कधीच मिळाले नसते.

दुसरा टप्पा महालेखापाल आणि त्यांचे अहवाल तपासणारी संसदेची लोकलेखा समिती. या समितीत २२ सदस्य असतात आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. महालेखापालांच्या २०१७ च्या अहवालात दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांची तपासणी होती. निकष ४० दिवसांच्या तीव्र लढाईचा, आणि सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणारा नव्हता. दहा दिवसांच्या साठ्यावर सीमेवर गेलेले सैन्य कितीही मोठे असले, तरी त्या सेनापतीला अकराव्या दिवसाचा विचार करूनच पाऊल टाकावे लागते.

कारगिलच्या खरेदीवरचा अहवाल लेखापालांनी जरूर वाचावा. तातडी म्हणून नेहमीचे नियम शिथिल केले, करार झाले, आणि त्या मालाचा फार मोठा हिस्सा लढाई संपल्यावर आला. दरवेळी कारण एकच असते. परदेशी कारखाना साठा तयार ठेवत नाही. मागणी, उत्पादन, तपासणी, जहाज, पुन्हा इथली तपासणी, यात सहा ते अठरा महिने सहज जातात आणि लढाई अडीच महिन्यांत संपते. पुढे या खरेदीबद्दलचा केंद्रीय दक्षता आयोगाचा अहवाल गोपनीय म्हणून लोकलेखा समितीला दाखवायला मंत्रालयाने नकार दिला. खर्च झाला, माल उशिरा आला, आणि तपासणाऱ्या समितीपुढे कागद आला नाही. ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

प्रश्न : यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले तेव्हा संसदेने काय केले होते? महाविद्यालयातल्या प्रकल्पासाठी माहिती हवी आहे. (एक विद्यार्थिनी, गिरगाव)

उत्तर : चीनने २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला केला. राज्यसभेतले तरुण सदस्य अटलबिहारी वाजपेयी यांच्यासह विरोधकांनी अधिवेशन लवकर घ्या अशी मागणी केली, नेहरूंनी ती मान्य केली आणि लढाई चालू असताना ८ नोव्हेंबरला संसद भरली. लोकसभेत १६५ सदस्य बोलले. गुप्त बैठक घ्यावी अशी सूचना आली होती. आजच्या नियम २४८ मध्येही सभागृह नेत्याच्या विनंतीवरून तशी बैठक घेण्याची सोय आहे. नेहरूंनी ती नाकारली. चर्चा उघड झाली, सरकारवर कडक टीका झाली, आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना अधिवेशनाच्या तोंडावर जावे लागले होते. युद्ध चालू असताना प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याचे खच्चीकरण, असे आज कोणी म्हटले तर त्याला हे अधिवेशन दाखवावे.

महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्लीत आले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तुमच्या आजी-आजोबांना पाठ असेल. प्रकल्पात मात्र त्याच्या पुढचे काम मांडा. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही, पण यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ ला संसदेत निवेदन करून प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्वाची साखळी आणि डोंगरी लढाईची तयारी यांतल्या उणिवा मांडल्या. मूळ अहवाल दडवणे आम्हाला पटत नाही. तरी निष्कर्षांचे सार मंत्र्याने स्वतः सभागृहात सांगणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. १९६४ मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना आली : ८.२५ लाखांचे लष्कर, दहा डोंगरी डिव्हिजन, हवाई दलाच्या ४५ स्क्वॉड्रन. ही जमवाजमव सीमेकडे धाव घेण्याची नव्हती, ती वर्षांच्या हिशेबाने आणि दरवर्षी संसदेपुढे पैसा मागत झाली.

मुंबईचा दुवा हवा असेल तर झवेरी बाजार घ्या. १९६३-६४ ची संरक्षण तरतूद ८६७ कोटींवर, म्हणजे आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून वर गेली. करवाढ, सक्तीची ठेव योजना आणि सुवर्ण नियंत्रण आले. १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी झाली आणि हजारो सोनारांचे काम गेले. सैन्यवाढीचा खर्च शेवटी कोणाच्या घरातून येतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

प्रश्न : अमेरिकेत तरी संसदेचा वचक जास्त आहे ना? (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : कागदावर जास्त आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मुभा अध्यक्षांना देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधी सभेत ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी झाला. त्या एका ठरावावर व्हिएतनाममधले सैन्य १९६४ अखेरच्या सुमारे २३ हजारांवरून १९६८ अखेर ५ लाख ३६ हजारांवर गेले. मुदत नाही, संख्येची कमाल नाही, अशी मंजुरी दिल्याचा तो परिणाम. त्यातून १९७३ चा युद्धाधिकार कायदा निक्सन यांचा नकाराधिकार मोडून मंजूर झाला : सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत कळवायचे, काँग्रेसची मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबायचे, माघारीसाठी आणखी ३० दिवस.

२००७ चा इराक हा जास्त शिकण्यासारखा दाखला. १० जानेवारीला बुश यांनी २० हजारांवर जादा सैन्य, पाच लढाऊ ब्रिगेड, पाठवण्याचे जाहीर केले. ब्रिगेड साधारण महिन्याला एक या गतीने जूनपर्यंत पोचल्या. १६ फेब्रुवारीला प्रतिनिधी सभेने २४६ विरुद्ध १८२ मतांनी नापसंती नोंदवली, पण तो ठराव बंधनकारक नव्हता. मग माघारीच्या तारखा खर्चाच्या विधेयकाला जोडल्या. १ मे रोजी बुश यांनी नकाराधिकार वापरला. शेवटी पैसा दिला गेला, पण त्या कायद्यात १८ निकष घातले आणि त्यांवर अहवाल देण्याचे बंधन आले. सप्टेंबरमध्ये इराकमधले सेनापती जनरल पेट्रेयस आणि राजदूत क्रॉकर यांना उघड सुनावणीत बसून उत्तरे द्यावी लागली. सैन्यवाढ अडली नाही, पण तिचे मोजमाप ठरले. आपल्याकडे घेण्यासारखे आहे ते हे. दरम्यान एप्रिलमध्ये जवानांची तैनाती १२ वरून १५ महिन्यांची केली गेली, कारण बदलीला माणसे पुरत नव्हती. जमवाजमवीचा हा खर्च कुठल्याच विधेयकात लिहिलेला नसतो.

ब्रिटनमध्ये २००३ ला इराकवर मतदान झाले, २०१३ मध्ये सीरियाचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि सरकारने तो निकाल मानला.

प्रश्न : आम्ही गोदीजवळ राहतो. युद्धनौका एका रात्रीत बंदरातून नाहीशा होतात. नौदलाच्या जमवाजमवीवर कोण लक्ष ठेवते? फोटो टाकला तर गुन्हा होतो का? (एक वाचक, कुलाबा)

उत्तर : नौदलाची जमवाजमव सर्वांत कमी दिसते. शेतजमीन लागत नाही, रेल्वेगाड्या लागत नाहीत. १९९९ मध्ये पूर्वेकडच्या काही युद्धनौका अरबी समुद्रात आणून पश्चिम ताफ्याला जोडल्या गेल्या आणि बहुतेकांना ते नंतर कळले. म्हणून इथे तपासणी होते ती मागाहून. ताफा महिनोन्‌महिने समुद्रात राहिला की नौकांची ठरलेली दुरुस्ती पुढे ढकलली जाते, गोदीत रांग लागते, आणि दोन-तीन वर्षांनी उपलब्ध नौका कमी झालेल्या दिसतात. खासदारांनी विचारायचा प्रश्न तोच : किती दुरुस्त्या पुढे गेल्या?

फोटोबद्दल : तणावाच्या काळात नौका, त्यांची दिशा, वेळ टाकू नका. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे आणि तो अजून लागू आहे. नौका कुठे आहे हे गुपित असणे रास्त आहे. मोहिमेवर एकूण खर्च किती झाला, हे गुपित असण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी साधी नागरिक आहे. मला प्रश्न विचारायचा असेल तर? (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : खासदारामार्फत विचारता येतो. मुंबईतून लोकसभेवर सहा खासदार जातात, आपला मतदारसंघ पाहून त्यांच्या कार्यालयात लेखी मसुदा द्या. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. दिवसाला २० तारांकित प्रश्न सोडतीने निघतात, त्यांना तोंडी उत्तर आणि उपप्रश्न मिळतात. २३० पर्यंत अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. पहिल्यांदा अतारांकितच मागा, आकडे त्यातच नीट मिळतात.

मसुदा कसा असावा? ‘पूर्व लडाखमध्ये किती ब्रिगेड आहेत’ हा प्रश्न गुप्ततेच्या कारणाने बाद होईल. असा लिहा : ‘उंचावरील जवानांच्या कपडे व सामग्रीसाठी गेल्या तीन वर्षांत वर्षवार तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, महालेखापालांच्या २०२० मध्ये मांडलेल्या अहवालातील कोणत्या शिफारशी अमलात आल्या, उरलेल्या केव्हा येतील?’ यात एकही गुपित नाही आणि टाळायला जागाही नाही. उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे आले तर निराश होऊ नका. ते आश्वासन मानले जाते, तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि त्यावर आश्वासन समितीचे लक्ष असते. तारीख लिहून ठेवा आणि त्या तारखेला खासदारांना पुन्हा पत्र द्या. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. लडाखबाबत संरक्षणमंत्र्यांची निवेदने झाली, पण निवेदनावर तारांकित प्रश्नासारखे उपप्रश्न होत नाहीत. असा तास गेला की लेखी उत्तरे मिळतात, पण तोंडी उत्तराचे आणि उपप्रश्नांचे दार बंद होते.

प्रश्न : सैन्य परत बोलावण्याचा निर्णय कोण घेतो, आणि त्यात चूक होते ती कुठे? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : निर्णय त्याच पाच जणांच्या समितीचा. ‘पराक्रम’मध्ये तो १६ ऑक्टोबर २००२ ला, दहा महिन्यांनी जाहीर झाला. मधे १४ मे रोजी जम्मूजवळ कालुचकचा दहशतवादी हल्ला होऊन गेला होता. जाताना बातम्या रोज होत्या, परतताना लोकांचे लक्ष उडाले, आणि देखरेख सर्वांत ढिली पडते ती याच वेळी.

सर्वांत अवघड काम सुरुंग काढण्याचे. पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या सीमेवर शेतकऱ्यांच्या जमिनीत लाखो सुरुंग पेरले होते. पेरताना आणि काढताना, लढाई न होताही, अनेक जवान दगावले आणि जायबंदी झाले. नियमाने प्रत्येक सुरुंगपट्ट्याचा नकाशा, ओळींमधले अंतर, संख्या यांची नोंद ठेवावी लागते आणि कुंपण घालावे लागते. सुरुंगांबाबतचा सुधारित आंतरराष्ट्रीय शिष्टाचार भारताने स्वीकारला आहे, त्यातही हे बंधन आहे. पण राजस्थानात वाळू सरकते आणि खुणेचा खांब जागचा हलतो. पंजाबात पावसाच्या पाण्याने सुरुंग वाहून दुसऱ्याच्या शेतात जातो. गवत वाढते. नोंदीत शंभर आणि हाती सत्त्याण्णव लागले, तर उरलेल्या तिनांसाठी तो सगळा पट्टा पुन्हा इंचाइंचाने तपासावा लागतो आणि तोवर जमीन शेतकऱ्याला परत देता येत नाही. पिकाची भरपाई बहुतेक वेळा हंगामाच्या हिशेबाने ठरते, जमीन मात्र त्याहून जास्त काळ अडकते.

म्हणून पुढच्या वेळी ‘सैन्य मागे घेतले’ अशी बातमी आली की आपल्या खासदारांकडे हे मागा : किती हेक्टर जमीन ताब्यात घेतली, किती परत दिली, सुरुंगांच्या नोंदी आणि काढलेले नग यांत फरक किती, भरपाईची किती प्रकरणे बाकी आहेत आणि ती कोणत्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अडली आहेत.